पहिल्या बोलावण्याला सात वाजता

"पंधरा दिवस! पंधरा दिवसांत इथे बस्तान बसवलं नाही, तर नाव बदलून टाकीन!"

सालामांकाच्या बस स्टँडवर दोन बॅगांच्या मध्ये उभं राहून हानुलने आईला फोनवर ठणकावून सांगितलं. तिकडे कोरियात, देजॉनला, आई शांतपणे म्हणाली, "मग सोळाव्या दिवशी हाक कोणत्या नावाने मारू, तेवढं आत्ताच सांगून ठेव." आयांना मुलांच्या कर्तबगारीची कदर नसते, ती अशी.

पण खरंच, तयारी पाहिली असती तर आईही गप्प बसली असती. स्पॅनिश तर पोरगी कॉलेजात चार वर्षं पहिल्या नंबराने शिकलेली. जुन्या स्पॅनिश नाटकांवर नऊ महिन्यांचा अभ्यासक्रम, त्याला प्रवेश मिळालेला. वर वहीत सत्तावीस कामांची यादी, प्रत्येक कामापुढे चौकोन. बसचा पास, लायब्ररीचं कार्ड, उशी, छत्री, सगळं त्यात. नवव्या दिवशी सव्वीस चौकोनांत बरोबरच्या खुणा झाल्या होत्या. हानुल स्वतःवर इतकी खूश झाली, की तिने एकटीनेच जाऊन दोन पेस्ट्र्या खाल्ल्या.

राहिलं होतं फक्त सत्ताविसावं काम. नगरपालिकेत रहिवासी म्हणून नोंद करणं. त्याला लागणार होती घरमालकिणीची एक सही. एक! ती नोंद झाल्याशिवाय परदेशी विद्यार्थ्याचं ओळखपत्र नाही, आणि ऑक्टोबर संपायच्या आत ओळखपत्राची पावती दाखवली नाही तर प्रवेश रद्द, असं विद्यापीठाच्या कचेरीने लेखी बजावलेलं. नगरपालिकेची वेळ मिळवायला तिने तीन दिवस फोन लावला होता. मिळाली ती चोवीस तारखेची, शुक्रवारी सकाळी अकराची. म्हणजे एक सही, आणि हातात भरपूर दिवस. काळजी करत बसण्यासारखं त्यात काय होतं?

घरमालकीण होती सेन्योरा कासिल्दा. वय एकाहत्तर, नवरा वारून बरीच वर्षं झालेली, दुसऱ्या मजल्यावर डाव्या हाताचं घर. बाई वाईट नव्हती हो! सकाळी टोस्टवर ऑलिव्हचं तेल स्वतः ओतून द्यायची, पोरीने अनवाणी पाय फरशीवर ठेवले की आजार येईल म्हणून ओरडायची, आणि हानुल जेवायला साडेबाराला बसली की "ही काय जेवायची वेळ आहे? कोंबड्या जेवतात आत्ता!" म्हणायची. फक्त सहीचं नाव काढलं की तिचं एकच उत्तर ठरलेलं.

"उद्या करू, पोरी."

"सेन्योरा, काल तुम्ही हेच म्हणालात."

"मग? काल जे उद्या होतं ते आज झालं, आणि आज चष्मा सापडत नाहीये. त्यात माझा काय दोष?"

असे आठ उद्या गेले. नवव्या उद्याला मात्र कासिल्दाबाई स्वतःहून हानुलच्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात एक कागद, चेहऱ्यावर गरजवंताचा गोडवा.

"पोरी, मंगळवारी मला सामोरा शहरात जायचंय. बहिणीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. आणि नेमकी त्याच संध्याकाळी आपल्या इमारतीची सभा आलीय. तू माझ्या वतीने जा. हे घे अधिकारपत्र."

"मी? पण मी सभेत करायचं काय?"

"काही नाही करायचं! बसायचं! नुसतं बसायचं. तू तिथे दिसलीस म्हणजे झालं. घरची खुर्ची घेऊन जा, तिथे खुर्च्या नसतात. परत आले की लगेच तुझ्या कागदावर सही करते. वचन!"

एवढं सोपं काम! हानुलने सूचनेचा कागद दोनदा वाचला. 'सभा तळमजल्यावर, जिन्यापाशी. पहिल्या बोलावण्याला संध्याकाळी सात वाजता. दुसऱ्या बोलावण्याला साडेसात वाजता.' तिला ही पद्धत फार आवडली. म्हणजे सातला सभा, आणि जे आळशी असतील त्यांना साडेसातला पुन्हा एकदा हाक. केवढी माणुसकी! आपण अर्थातच पहिल्या हाकेला जाणार, यात तिला शंका नव्हती.

मंगळवारी सहा वाजून पंचावन्न मिनिटांनी स्वयंपाकघरातली खुर्ची डोक्यावर घेऊन ती खाली उतरली. जिन्यापाशी कोणी नाही. खुर्ची मांडली. बसली. सात वाजले. कोणी नाही. सात वाजून पाच. बाहेरून एक कुत्रं आलं, तिच्याकडे पाहून गेलं. सात दहा. सात पंधरा! आता मात्र तिचा पारा चढायला लागला. साडेसातला लायब्ररीत तिच्या वर्गातल्या मुलांची बैठक होती, आणि ही आठ घरांची इमारत, एकालाही वेळेची पर्वा नाही! सात वाजून वीस मिनिटांनी तिने निष्कर्ष काढला, की सभा रद्द झालेली दिसते आणि परकी मुलगी म्हणून आपल्याला कोणी सांगितलं नाही. आता आली होती तर हजेरीचा पुरावा हवा, म्हणून तिने वहीतलं पान फाडलं आणि सूचनांच्या फळ्यावर टाचणीने लावलं.

'सात ते सात वीसपर्यंत मी येथे हजर होते. कोणीही आले नाही. दुसरा मजला, डावीकडील घराच्या वतीने, हानुल.'

'कोणीही' या शब्दाखाली तिने दोन रेघा ओढल्या. मग खुर्ची वर ठेवून ती लायब्ररीला निघून गेली. आपण काही चुकतोय असं तिला स्वप्नातही वाटलं नाही.

बुधवारी दुपारी कासिल्दाबाई सामोराहून परतल्या. बॅग घेऊन जिना चढत होत्या, तर तिसऱ्या मजल्यावरचे सेन्योर एवारिस्तो वरून खाली येत होते. एवारिस्तो म्हणजे निवृत्त माणूस, दिवसभर शर्ट धुणं आणि जिन्यात कोण आलं-गेलं ते ऐकणं हे दोन उद्योग. त्यांनी टोपी काढली.

"अभिनंदन, चेअरमनबाई!"

कासिल्दाबाईंची बॅग दोन पायऱ्या खाली गेली.

नंतर जे झालं ते हानुलने घराच्या बंद दाराआडून नाही, अगदी समोर उभं राहून ऐकलं. तिला पळायला जागाच नव्हती.

"एकतीस वर्षं! एकतीस वर्षं मी हे चेअरमनपद चुकवलं! नवरा गेला त्या आठवड्यातसुद्धा मी सभेला होते! काळ्या कपड्यात, पहिल्या रांगेत! का? तर जो गैरहजर, तो चेअरमन! ही सगळ्या जगाला ठाऊक असलेली गोष्ट आहे!"

"मला नव्हती ठाऊक, सेन्योरा. तुम्ही सांगितलं नाहीत."

"सगळ्या जगाला ठाऊक असलेली गोष्ट सांगायची कशाला असते?"

"पण मी हजर होते! सात वाजता! कोणीही आलं नाही!"

"सातला सभेला कोण जातं?"

"कागदावर सात लिहिलंय!"

"ते कागदावर! कायद्याने पहिलं बोलावणं द्यावं लागतं म्हणून लिहितात. सातला सगळी इमारत यायला लागली असती, तर साडेसातचं बोलावणं हवं होतं कशाला? एवढी नाटकं शिकायला आलीस, एवढं कळत नाही?"

सर्वांत वाईट म्हणजे, हानुलला त्यात तर्कही दिसायला लागला होता.

"बरं, चुकलं माझं. आता तेवढी सही..."

"सही? ज्या दिवशी हे चेअरमनपद माझ्या डोक्यावरून उतरेल, त्या दिवशी सही! आणि तोवर चेअरमनचं सगळं काम तू बघायचं. केलं कोणी? निस्तरायचं कोणी?"

दुसऱ्या दिवसापासून दाराची बेल सुरू झाली. चौथ्या मजल्यावरच्या सेन्योरा ओब्दुलिया सकाळी सव्वासातला आल्या. दुसऱ्या मजल्याच्या जिन्यातला दिवा गेलाय. कधी गेला? अकरा महिने झाले. मग एवारिस्तो आले. इमारतीचा मुख्य दरवाजा इतक्या जोरात आपटतो की त्यांचे दात हलतात. मग पुन्हा ओब्दुलिया. मग पुन्हा एवारिस्तो, या वेळी ओब्दुलियांबद्दल. आतल्या चौकात सगळ्यांच्या खिडक्यांना कपड्यांच्या दोऱ्या, आणि चौथ्या मजल्यावरची बाई ओल्या चादरी न पिळता टाकते, त्यांचं पाणी तिसऱ्या मजल्यावरच्या वाळलेल्या शर्टांवर!

"बत्तीस वर्षं मी हे सहन करतोय!" एवारिस्तो म्हणाले.

"मग आणखी दोन आठवडे करा ना," हानुल काकुळतीला येऊन म्हणाली. "चोवीस तारखेनंतर..."

"अजिबात नाही! आता चेअरमन आहे. आता एक दिवससुद्धा करणार नाही."

हानुल मुळात हार मानणारी नव्हती. तिने विचार केला, लोक हे पद का टाळतात? कारण तक्रारी फार. मग सगळ्या तक्रारी मिटवून टाकल्या तर? कामच उरलं नाही तर कोणीही हसत हसत चेअरमन होईल! कागदावर ही योजना इतकी देखणी दिसत होती, की तिने पुन्हा एकदा चौकोन काढले.

पहिल्याच दिवशी तिने दिवा बदलला. दहा मिनिटांचं काम. आणि लख्ख उजेडात अकरा महिन्यांनी सगळ्यांना भिंती दिसल्या! रंगाचे पोपडे, कोळिष्टकं, कोणा पोराने खिळ्याने कोरलेला एक बदाम. संध्याकाळपर्यंत सात घरांतून सात तक्रारी आल्या, की भिंतींची ही दशा नव्या चेअरमनच्या काळात झाली.

मग तिने दरवाज्याच्या वरच्या दांड्याचा स्क्रू आवळला. दरवाजा लोण्यात सुरी जावी तसा आवाज न करता बंद व्हायला लागला. दुसऱ्या दिवशी एवारिस्तो दारात.

"कोण येतं, कोण जातं, मला काही कळेनासं झालंय! पूर्वी आपटण्यावरून माणूस ओळखायचो मी! काल तर पोस्टमन येऊन गेला आणि मला पत्ता नाही!"

"तुमचे दात हलत होते ना?"

"दात माझे आहेत, मी बघीन त्यांचं! दरवाजा पहिल्यासारखा करा."

कपड्यांचं प्रकरण तर बोलायलाच नको. हानुलने चार वेगवेगळ्या रंगांत वेळापत्रक बनवलं. चौथ्या मजल्याने सोमवारी आणि गुरुवारी वाळत घालायचं, तिसऱ्याने मंगळवारी आणि शुक्रवारी, असं. आणि प्रत्येक घराची लेखी संमती हवी म्हणून दुपारी वर्गातून आल्याआल्या ती सगळ्यांच्या बेला वाजवत सुटली. दुपारी म्हणजे किती वाजता? चार वाजता! तुम्हाला दुपारच्या झोपेतून कोणी उठवलंय का? मग सात घरं एका दमात उठवल्यावर काय झालं असेल, त्याची कल्पना करा. एवारिस्तो पायजम्यात धावत बाहेर आले. "आग लागली? कुठे लागली?"

"आग नाही, सही हवी होती."

दार इतक्या जोरात आपटलं की मुख्य दरवाज्याची उणीव भरून निघाली.

वेळापत्रक तिने तरीही फळ्यावर लावलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या कडेला ओब्दुलियांच्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'सोमवारी ऊन पडलं नाही तर जबाबदार कोण?' त्याखाली एवारिस्तोंचं, 'चादरी पिळायला ऊन लागत नाही.' त्याखाली पुन्हा चौथा मजला, 'ज्यांना बायको नाही त्यांनी पिळण्याबद्दल बोलू नये.' गुरुवारपर्यंत वेळापत्रकावर मोकळी जागा उरली नाही, म्हणून लोकांनी स्वतःचे कागद आणून टाचायला सुरुवात केली. आणि या सगळ्या कागदांच्या मधोमध हानुलची ती जुनी चिठ्ठी अजून तशीच होती. 'कोणीही' खाली दोन रेघा. ती कोणी काढली नव्हती, उलट कोणीतरी तिच्या चारी कोपऱ्यांना नीट टाचण्या मारल्या होत्या.

इकडे वर्गात सतराव्या शतकातल्या नाटकावर तिला वीस मिनिटं बोलायचं होतं. सहाव्या मिनिटाला टेबलावर ठेवलेला फोन थरथरायला लागला, आणि तो कार्यक्रम संपेपर्यंत थरथरत राहिला. प्राध्यापकांनी शेवटी विचारलं, "घरी काही गंभीर आहे का?" हानुल म्हणाली, "चादरी आहेत, सर." सगळा वर्ग हसला, ती मात्र हसली नाही. त्या संध्याकाळी खोलीत बसून ती रडलीसुद्धा. एवढ्या लांब येऊन, एवढी धडपड करून प्रवेश मिळवला, आणि तो जाणार कशापायी? तर एका बाईच्या ओल्या चादरी आणि दुसऱ्या बाईची न होणारी सही! कासिल्दाबाईंनी तिच्यासमोर मसुराच्या आमटीची वाटी ठेवली, पाठीवर हात फिरवला, आणि म्हणाल्या, "खा. रडून चेअरमन बदलत नाही."

सतरा तारखेला हानुल इमारतीचे पगारी मॅनेजर सेन्योर तोरिबिओ यांच्या कचेरीत जाऊन थडकली. कागदपत्रं सांभाळणारा आणि सभेचं इतिवृत्त लिहिणारा हा माणूस. बोलण्याची गती अशी, की प्रश्न विचारून बाहेर चहा पिऊन यावं.

"राजीनामा द्यायचाय."

"राजीनामा," तोरिबिओंनी तो शब्द तोंडात घोळवला. "देता येत नाही. नवा चेअरमन निवडला की जुना सुटतो. सभा बोलवा."

"बोलावली. तेवीस तारखेला, गुरुवारी. पण कोणी तयार नाही झालं तर?"

"तयार कोण होतं? निवडतात. पहिल्या बोलावण्याला निम्म्याहून अधिक घरं हजर लागतात. ती कधीच नसतात. चाळीस वर्षांत एकदाही नाही. दुसऱ्या बोलावण्याला मात्र जे असतील तेवढे पुरतात."

"जे असतील तेवढे? म्हणजे चार?"

"चार. दोन. एक असला तरी चालतो."

हानुल खुर्चीच्या टोकावर आली. "एक माणूस? आणि त्याचा निर्णय सगळ्या इमारतीला लागू?"

"कायद्याने लागू."

"आणि लोक साडेसातच्या बोलावण्याला बरोबर साडेसातला येतात?"

तोरिबिओ पहिल्यांदाच हसले. "पावणेआठ म्हणा."

आहा! हानुल रस्त्यावरून उड्या मारत घरी आली. पंधरा मिनिटं! साडेसात ते पावणेआठ, पंधरा मिनिटं सगळी इमारत कायद्याने तिच्या मुठीत! साडेसातच्या ठोक्याला ती आणि तोरिबिओ, बस. 'प्रस्ताव : नवे चेअरमन, सेन्योर एवारिस्तो. हजर मतं एक. बाजूने एक. विरोधात शून्य.' लोक खुर्च्या घेऊन उतरतील तोवर तोरिबिओ पेनाचं टोपण लावत असतील! कासिल्दाबाईंनी ही योजना ऐकली आणि पोरीचा गालगुच्चा घेतला.

"आता शिकलीस हो! आता आमच्यातली झालीस!"

"तुम्ही येताय ना खाली?"

"मी कशाला? अधिकारपत्र तुझ्याकडे आहे. मी दिसले तर लोकांना संशय येईल. आणि हे बघ, लवकर जाऊ नकोस. सातला तिथे एकटी बसलेली कोणी पाहिली तर घात होईल. थेट साडेसातला जा."

गुरुवार उजाडला. दुसऱ्या दिवशी अकराला नगरपालिका, आणि सही आज संध्याकाळच्या त्या पंधरा मिनिटांवर अडकलेली. पण आता ती पूर्वीची हानुल राहिली नव्हती. पावणेसातला ती समोरच्या बारमध्ये जाऊन उभी राहिली, कॉफी मागवली, बटाट्याच्या ऑम्लेटचा तुकडा घेतला, कागदी रुमाल इथल्या लोकांसारखा जमिनीवर टाकला. सात वाजले तेव्हा तिने घड्याळाकडे बघितलंसुद्धा नाही. सातला सभेला कोण जातं? बारवाल्याने विचारलं, "आज घाई नाही?" तर ती काउंटरवर कोपर टेकून म्हणाली, "घाई कसली? अजून वेळ आहे." हे वाक्य उच्चारताना तिला इतका अभिमान वाटला की देजॉनला फोन करून आईला ऐकवावंसं वाटलं.

सात एकोणतीसला तिने रस्ता ओलांडला. आवाज न करणारा दरवाजा उघडला. आणि पाहते तर काय! सातही मजल्यांवरची, चुकलं, बाकीच्या सातही घरांतली माणसं हातात खुर्च्या घेऊन जिना चढत होती. ओब्दुलिया, एवारिस्तो, पहिल्या मजल्यावरचं ते कधीच न दिसणारं जोडपंसुद्धा! तोरिबिओ पेनाला टोपण लावत होते.

"अरे, ही बघा आली!" ओब्दुलिया म्हणाल्या. "पोरी, इतका उशीर? तू?"

"उशीर? साडेसात वाजायचेत!"

"पण सभा सातची होती!"

एवारिस्तोंनी खुर्ची खाली ठेवली, टोपी काढली आणि घसा साफ केला.

"मुली, तुझी ती चिठ्ठी. जाता-येता वाचतो आम्ही. 'कोणीही आले नाही.' लाज वाटली आम्हाला. एवढ्या लांबून आलेलं लेकरू खाली एकटं बसून राहिलं, आणि आम्ही वर घरात बसून घड्याळ बघत होतो. मग आम्ही ठरवलं, या वेळी तिच्यासाठी बरोबर सातला यायचं. सगळ्यांनी! चाळीस वर्षांत पहिल्यांदा पहिल्या बोलावण्याला सभा भरली. विचार या तोरिबिओंना."

"इतिवृत्तात तशी नोंद केली आहे," तोरिबिओ म्हणाले. "सात वाजून तीन मिनिटांनी निवड झाली. नंतर सगळे तुमची वाट बघत बसले होते."

"तीन मिनिटांत?" हानुल कशीबशी म्हणाली. "आणि चेअरमन कोण?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. ओब्दुलियांनी प्रेमाने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"अगं, आता गैरहजर एकच घर होतं ना."

"शिवाय काम चांगलं करतेस तू," एवारिस्तो म्हणाले. "दिवा लागला, दरवाजा नीट झाला. माणूस कळत नाही कोण आलं ते, पण नीट झाला, हे मान्य केलं पाहिजे. म्हणून आम्ही मुदतही वाढवली. एकमताने! दोन वर्षं!"

जिन्यात टाळ्या वाजल्या.

दुसऱ्या मजल्यापर्यंतच्या पायऱ्या हानुलने किती वेळात चढल्या, ते तिलाच ठाऊक. लख्ख दिव्याखाली ती दोनदा थांबली. आत कासिल्दाबाई पाय स्टुलावर टाकून, हातात वाईनचा छोटा ग्लास घेऊन विजयाची वाट बघत बसल्या होत्या. हानुलने सगळं सांगितलं. एका श्वासात, खाली मान घालून. आता ग्लास येतो की चप्पल, एवढंच बघायचं राहिलं होतं.

कासिल्दाबाईंनी ग्लास खाली ठेवला.

"दोन वर्षं?"

"दोन वर्षं, सेन्योरा. माफ करा. सही नाही ना करणार तुम्ही? मी सामान भरते."

"सामान?" बाई ताडकन उठल्या. "सामान भरून कुठे जायचं म्हणतेस?"

"प्रवेश रद्द झाला की परत कोरियाला."

"आणि चादरी? एवारिस्तो? भिंती? हे सगळं मी एकटीने बघायचं? या वयात? ए पोरी, कागद कुठेय तुझा? आण इकडे! पेन आण! चष्मा माझ्या डोक्यावरच आहे, तो नको शोधू!"

आणि तीन आठवडे न झालेली सही तीन सेकंदांत झाली. नुसती सही नाही. घराच्या कागदांची प्रत, ओळखपत्राची प्रत, सगळं बाईंनी स्वतः पाकिटात घातलं, कागदावरच्या रिकाम्या राहिलेल्या जागा जिभेचं टोक बाहेर काढून स्वतःच्या हाताने भरल्या, पाकीट चिकटवलं आणि त्यावर मूठ आपटली.

शुक्रवारी अकराच्या ठोक्याला हानुल नगरपालिकेच्या खिडकीसमोर उभी होती. रात्री झोप अशी लागलीच नव्हती, पण पाकीट छातीशी होतं. कारकुनाने ते फोडलं, कागद उलटसुलट पाहिले, सही तपासली आणि मान डोलावली. धप्प! शिक्का बसला! हानुलच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. झालं एकदाचं! सालामांकाची रहिवासी! नाटकं, लायब्ररी, नऊ महिने, सगळं शाबूत!

"मुक्काम दोन वर्षं," कारकून संगणकावर टाइप करता करता पुटपुटला.

"नाही, नऊ महिने. माझा अभ्यासक्रम नऊ महिन्यांचा आहे."

कारकुनाने कागद तिच्याकडे वळवला. मुक्कामाच्या रकान्यात कासिल्दाबाईंच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'दोन वर्षे'. 'दोन'च्या खाली दोन रेघा होत्या.

"चूक असेल तर बदलून देतो की," कारकून म्हणाला. माणूस भला होता. "सोपं आहे. नवा फॉर्म घ्यायचा, आणि घरमालकिणीची फक्त एक सही..."

"नको!" हानुल इतक्या जोरात ओरडली की मागची सगळी रांग दचकली. तिने खिडकीतून हात घालून कागद ओढून घेतला आणि पोटाशी धरला. "राहू द्या! दोन वर्षंच बरोबर आहेत!"